एका खणातल्या दोन गोळ्या

आईच्या औषधांचा घोळ मी घातला, माझ्या भावजयीने नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढच्या मजकुरात मी बराच वेळ रागावलेला आहे, आणि रागावलेल्या माणसाचं ऐकत गेलं की त्याचंच खरं वाटायला लागतं. मला स्वतःलाही वाटत होतं. धाकट्या भावाची बायको माझ्या आईला औषध नीट देत नाही असं मी ठरवलं आणि त्याची शिक्षा तिला बेताबेताने, चव घेत दिली. तिचं नाव सासरी आणि माहेरी, दोन्हीकडे नासवलं. नाव नासवायला मला फार कष्ट पडले नाहीत. ते परत जागेवर बसवता येतं का, हे मी अजून बघतो आहे.

आई मांडवीला धाकट्याकडे राहते. मी वर शहरात फ्लॅटमध्ये, बायकोसह. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्याचा मी मॅनेजर. बोटी समुद्रात जाताना आणि माशांच्या गाड्या घाटावर जाताना आमच्याकडून लाद्या उचलतात. धाकट्याचा स्वतःचा टेम्पो आहे, तो कोल्हापूरला मासळी नेतो. म्हणजे त्याचं पोट माझ्या बर्फावर. हे पुढे उपयोगी पडलं, मला.

मी कॉलेजात होतो तेव्हा डॉक्टरांनी आईच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी ऑपरेशन करून काढली. तेव्हापासून ती गोळीवर आहे. सकाळी उठायचं, चूळ भरायची, बारीक पांढरी गोळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि मग बराच वेळ चहा प्यायचा नाही. या चहावरून त्या घरात रोज तंटा. आई चुलीपाशी पाट घेऊन बसायची आणि म्हणायची, "घोटभर दे गो. देव बघत नाय."

"देव नाय बघत, पण थायरॉइड बघतो. गप बसा," भावजय म्हणायची.

"मेली माझी सासू गेली ती तुझ्यात शिरली."

"शिरली तर शिरली. तिच्याच हातचा चहा मिळेल, पण अजून नाय."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. गोळी कोण सांभाळतं आणि किती कडकपणे सांभाळतं, हे मला ठाऊक होतं. तरी पुढे ते मी सोयीने बाजूला ठेवलं.

मग समोरच्या घरातल्या आजी मोरीत पडल्या. खुबा मोडला आणि त्या पुन्हा उठल्याच नाहीत. मी घाबरलो. आईला तपासायला नेलं. हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वय आहे, बाळंतपणं आहेत, आणि थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं घेताना मात्रा जरा जरी जास्त होत राहिली तरी ती हाडं पोखरते, म्हणून रक्त वेळच्या वेळी तपासत राहायचं. कॅल्शियम सुरू करू, म्हणाले. इथपर्यंत मी ऐकलं. पुढे ते म्हणाले असणार की कॅल्शियम दुपारी जेवणानंतर द्या, सकाळच्या गोळीच्या आसपास नको. म्हणाले असणार असं लिहितो, कारण तेव्हा माझा फोन वाजला. कारखान्यात कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि बोटी खोळंबल्या होत्या. मी दाराशी उभा राहून फोनवर शिव्या देत होतो आणि डॉक्टरांकडे बघून मान हलवत होतो.

मला व्यवस्था लावण्याची हौस आहे. येताना मी प्लॅस्टिकची एक डबी विकत घेतली, वारांचे सात खण असलेली. एका वाराला एक खण. तेव्हा त्या दिवसाच्या सगळ्या गोळ्या त्याच खणात. थायरॉइडची राईएवढी, तिच्या शेजारी खडूच्या तुकड्याएवढी कॅल्शियमची. दर रविवारी मांडवीला जाऊन डबी मीच भरायचो. आईसाठी काहीतरी करतो आहे असं वाटायचं. बाकीचं सगळं भावजय करत होती, त्याला करणं म्हणतात हे माझ्या लक्षात येत नव्हतं.

पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "भावजी, ही मोठी गोळी दुपारची ना? औषधाच्या दुकानात म्हणाला तो, थायरॉइडच्या गोळीबरोबर नको. दोघींमध्ये चारेक तास जायला पायजेत."

"दुकानदाराचंच ऐकायचं तर डॉक्टर कशाला?"

"मी आपलं विचारलं."

"दुपारी तुझे हात मासळीत असतात. विसरशील. सकाळी एकदम घशाखाली गेल्या की मिटलं. शेवटी एकाच पोटात जायच्या ना? आणि तू डॉक्टरीण कधीपासून झालीस गो?"

धाकटा हसला. नवरा हसल्यावर ती गप्प झाली. आमच्याकडे थोरल्या दिराच्या शब्दावर सून दुसरा शब्द काढत नाही. ते घराचं वळण आहे असं मी समजायचो आणि त्याचा मला अभिमान होता.

कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून बसतं आणि तिला रक्तात जाऊ देत नाही. हे आज मी शाळेतल्या पोरासारखं पाठ म्हणून दाखवीन. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की काही महिन्यांत आई सुजल्यासारखी झाली, भर उकाड्यात अंगावर चादर ओढायला लागली आणि बोलता बोलता पेंगायला लागली. रक्त तपासलं तर थायरॉइड अगदी कमी. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज जाते ना?" मी म्हणालो, "माझ्याकडून रोज जाते. पुढचं घरी विचारावं लागेल." हे म्हणताना मी कुणाचंही नाव घेतलं नाही, पण संशय तिथेच जन्मला आणि मी तो कडेवर घेऊनच घरी आलो.

डॉक्टरांनी मात्रा वाढवली. पुढच्या तपासणीनंतर आणखी वाढवली. आणि मग आईला उतार पडला. चादर गेली, सूज गेली, ती खुडबुड करायला लागली. मी भावजयीला म्हणालो, "बघ, मी लक्ष घातलं म्हणून तू नीट द्यायला लागलीस." तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याचा अर्थ असा लावला की चोर पकडला गेला.

आई नुसती बरी होऊन थांबली नाही. तिचे हात कापायला लागले, छातीत धडधडायला लागलं, अंग उतरलं. आम्हाला वाटलं, म्हातारपण. एका सकाळी मागच्या दारी जांभ्याच्या पायरीवर तिला घेरी आली आणि ती हातावर पडली. उजवं मनगट मोडलं. या वेळी रक्तात थायरॉइड फार जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, "गोळी दोनदा तर जात नाही ना? अशाने हाडं आणखी झिजतील. आत्ता मनगटावर भागलं. खुब्यावर पडल्या तर पुन्हा चालतील याची खात्री मी देणार नाही."

आधी कमी, आता जास्त. माझा हिशेब तिथल्या तिथे जमला. आधी ती देतच नव्हती. मी ओरडलो म्हणून आता सूड म्हणून दुप्पट देते आहे. माझ्या आईची हाडं ती मुद्दाम पोखरते आहे.

हे आज वाचायला वेड्यासारखं वाटतं. पण सूड घ्यायचा असला की माणसाला फार पुरावा लागत नाही. आपल्याशी असं कुणी केलं आहे, एवढं वाटलं की पुरतं.

प्लास्टर घातलेल्या आईला मी त्याच संध्याकाळी माझ्या फ्लॅटवर आणलं. भावजयीने तिची लुगडी पिशवीत भरून दिली आणि म्हणाली, "मी येऊ का सोबत चार दिवस? आंघोळीचं अवघड जाईल."

"तुझी सेवा पोचली," मी म्हणालो. "अजून एक हात शिल्लक आहे, तो राहू दे."

ती दारातच उभी राहिली. गाडीत बसल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी आईला विचारलं, वाटेत आइस्क्रीम खाणार का.

त्यानंतर मी पद्धतशीर कामाला लागलो. मुंबईच्या आत्याला फोन केला. आत्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, आणि ती फुकट पिटली जाते. "तू कुणाला सांगू नकोस हो," एवढं म्हटलं की काम दुप्पट वेगाने होतं. आठवड्याच्या आत मुंबईहून धाकट्याला फोन यायला लागले. मांडवीच्या घरी मी पाणी पिणं बंद केलं. कामासाठी गेलो तर भावजय तांब्या आणून ठेवायची. मी तो बोटाने दूर सारायचो, आणि ती बघते आहे ना, ते बघायचो.

कारखान्यात धाकट्याचा टेम्पो मी रांगेत शेवटी घालायला लागलो. पूर्वी घरचा म्हणून तो सरळ आत यायचा. आता त्याच्या पापलेटांवर ऊन चढेपर्यंत तो उभा.

"दादा, माल खराब होतोय," एकदा तो म्हणाला.

"इथे सगळं वेळेवर आणि मापात मिळतं. तुझ्या घरच्यासारखं नाय, कधी दिलं, कधी नाय दिलं."

लादी चढवणारे कामगार हसले. धाकटा खाली बघून म्हणाला, "माझ्यावर काढ ना. तिने काय केलंय ते तरी सांग." मी त्याला उत्तर दिलं नाही. सांगितलं असतं तर तो बोलला असता, आणि बोलता बोलता खरं काय ते कदाचित त्या दिवशीच बाहेर आलं असतं. मला ते नको होतं. मला तो उन्हात उभा राहिलेला हवा होता.

माझी बायको म्हणाली, "पुरे आता. तुम्हाला झोप बरी लागते हल्ली, याची मला भीती वाटते." खरंच बरी लागत होती.

मग गणपती आले. आमचा गणपती मांडवीच्या घरी असतो. विसर्जनाआधी घरातला थोरला पुरुष गाऱ्हाणं घालतो. बाबा गेल्यापासून ते मी घालतो. वाडीतली माणसं जमतात, मी देवापुढे एकेक मागणं म्हणतो आणि सगळे एका सुरात होकार देतात. शब्द ठरलेले असतात, तरी थोरल्याला त्यात भर घालता येते. ती मुभा मी आईचा हात मोडल्यापासून नजरेसमोर ठेवली होती. त्या वर्षी भावजयीचा भाऊ हर्णैहून दर्शनाला आला होता. त्याला बघून मला आनंदच झाला. माहेरचं माणूस समोर आहे, आणखी काय हवं.

"बा गजानना, म्हाराजा," मी सुरू केलं. "मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखात ठेव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बोटीवर गेलेल्यांना किनाऱ्याला सुखरूप आण, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या घरात माझ्या आयशीच्या औषधात ज्या कुणी वाकडा हात घातला असेल, त्याच्या हाडांचं पीठ कर, म्हाराजा."

सवयीने सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हटलं. भावजय आरतीचं ताट धरून उभी होती. तिनेही म्हटलं. तिचा आवाज इतरांपेक्षा अर्ध्या क्षणाने मागे आला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. ती माझ्याकडे बघत नव्हती, गणपतीकडे बघत होती. तिच्या भावाने जोडलेले हात सोडले, चपला घातल्या आणि मूर्ती उचलायच्या आत तो निघून गेला. पुन्हा त्या घरी तो आला नाही. दिवाळीला भाऊबीज घ्यायलाही त्याने बहिणीला बोलावलं नाही. ज्या घरात तिला देवापुढे असं बोललं जातं तिथे ती राहते, म्हणून त्याला तिचाही राग आला होता.

माझ्या जवळच्या माणसांपैकी त्या रात्री कुणी माझ्याशी बोललं नाही. मी पोटभर जेवलो.

आई माझ्याकडेच होती. औषध आता पूर्ण माझ्या हातात होतं. डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी करून दिली होती. मी डबी भरायचो, सकाळी तिच्या तळहातावर दोन्ही गोळ्या ठेवायचो आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायचो नाही. पुढचा रिपोर्ट म्हणजे भावजयीविरुद्धचा शेवटचा पुरावा ठरणार होता. दिवाळीनंतर आम्ही तपासायला गेलो. डॉक्टरांनी कागद हातात घेतला.

"मी मात्रा एवढी काही कमी केली नव्हती," ते म्हणाले. "थायरॉइड पुन्हा पार खाली गेलंय. गोळी कोण देतं?"

"मी स्वतः देतो. माझ्यासमोर गिळते."

"कशी देता, मला सगळं सांगा."

मी अभिमानाने सांगितलं. अनशापोटी. दोन्ही एकदम. पाण्याबरोबर.

"दोन्ही म्हणजे?"

"ही आणि कॅल्शियमची."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कॅल्शियम सकाळी द्यायला कुणी सांगितलं?"

सकाळी द्यायचं मीच ठरवलं होतं.

आई बोलली. प्लास्टर निघालं होतं, पण ती उजवा हात अजून डाव्या हाताने धरून बसायची. "धाकटीने ती दुपारी द्यायला घेतली होती," ती म्हणाली. "सकाळी खणातून काढून बाजूला ठेवायची, आणि जेवल्यावर द्यायची. सुजले होते ना मी, तेव्हापासून. मला म्हणाली, भावजींना बोलू नका, उगाच घरात भांडण व्हायचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू सांगू देतोस कुठे, मेल्या."

डॉक्टरांनी ते नीट लावून दाखवलं. मी दोन्ही एकदम देत होतो तेव्हा गोळी लागू पडत नव्हती, म्हणून ते मात्रा वाढवत गेले. भावजयीने कॅल्शियम दुपारी हलवलं तेव्हा गोळी पूर्ण लागू पडायला लागली, पण मात्रा मात्र वाढवलेलीच राहिली. "कॅल्शियमची वेळ बदलली हे त्यांनी मला तेव्हा कळवलं असतं, तर मी मात्रा लगेच उतरवली असती," डॉक्टर म्हणाले. "हात मोडायची वेळ बहुतेक आलीच नसती. का नाही कळवलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

इथे माझे डोळे उघडले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. पुढचे काही दिवस मी त्या "का नाही कळवलं" ला लोंबकळत राहिलो. बघा, चूक तिचीही आहे. सांगायला हवं होतं तिने. मी कारखान्यात बसून हेच घोटत होतो. मग एका दुपारी धाकट्याचा टेम्पो फाटकातून आला आणि आत जागा मोकळी असूनही तो आपण होऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याला आता तशी सवय झाली होती. मला समजलं की ती मला का सांगत नव्हती.

मी मांडवीला गेलो. भावजय मागच्या दारी कोळंबी सोलत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. ती हात न थांबवता ऐकत होती.

"मला म्हायती आहे," ती म्हणाली. "आईंचा फोन आला होता."

"माझं चुकलं. मला माफ कर."

"केलं," ती म्हणाली, पण तिने वर पाहिलं नाही. "आई कधी येतायत परत?"

"तू म्हणशील तेव्हा."

"उद्या आणा. आणि डबी आणू नका ती. माझ्याकडे वाट्या आहेत." दोन कोळंब्या सोलून झाल्यावर ती म्हणाली, "भावजी, तुम्ही बोललात पुढच्या दारी, सगळ्यांसमोर. माफी मागायला मागच्या दारी आलात. मला चालतं हो. माझ्या भावाला नाय चालणार. त्याने माझं तोंड बघणं सोडलंय."

मी धाकट्याकडे गेलो, वाडीतल्या चार घरांत गेलो, आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं हो, ती पोरगी तशी नाय." दुसऱ्या दिवशी आईला मांडवीला सोडलं आणि हर्णैची एसटी धरली.

पोचलो तेव्हा किनाऱ्यावर संध्याकाळचा लिलाव चालू होता. भावजयीचा भाऊ सुरमईच्या ढिगापाशी उभा होता, भोवती मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन. मला पाहून त्याने बोली थांबवली.

"या बर्फवाले. माझ्या बहिणीचं आणखी काय उरलंय? ते पण लिलावात काढायचंय?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "कोण रे हा?"

"माझ्या बहिणीच्या सासरचे मोठे. देवाला कामाला लावतात."

"मी माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"काय? ऐकू नाय आलं. त्या दिवशी आवाज बरा लागला होता तुमचा."

तो सहज घेणार नव्हता, आणि त्याने घेऊ नये असंच मला वाटलं. मी आवाज चढवला, इतका की पलीकडच्या ढिगावरची बोलीही थांबली.

"तुमच्या बहिणीने माझ्या आईचं औषध कधी चुकवलं नाही," मी म्हणालो. "मी चुकवलं. तिने मला सांगितलं होतं, मी तिची थट्टा केली. तिने माझ्या धाकापोटी चूक गुपचूप सुधारली, तर मी आईच्या मोडलेल्या हाताचा आळ तिच्यावर घेतला. सगळ्यांना फोन करून तिची बदनामी केली. देवापुढे तिला शाप दिला, तुमच्या देखत, मुद्दाम तुमच्या देखत. त्यात मला सुख वाटत होतं. ती निर्दोष आहे, हे मी इथे सगळ्यांसमोर सांगतो. तिची माफी मी मागितली आहे. तुमचीही मागतो. माझ्यावरचा राग ठेवा, पण तिच्यावरचा सोडा, आणि तिला घरी बोलवा. मला माफ करा."